बसवराजच्या भिंतीवरचा उजेड

लातूरला जिल्हा होण्याचे डोहाळे लागले होते, त्या वर्षीची ही गोष्ट. पावसाचा पत्ता नव्हता, विहिरी तळाला गेल्या होत्या, टँकर आला की घागरींची भांडणं जुंपत होती. पण गावातल्या निम्म्या दुकानदारांनी पाट्या रंगवून घेतल्या होत्या. 'ता. लातूर, जि. उस्मानाबाद' यातलं उस्मानाबाद खरवडून तिथंही लातूरच लिहायचं, एवढाच काय तो बदल, पण पेंटरांना मान वर करायला फुरसत नव्हती. सरकारने तारीख सांगायच्या आधीच लातूरकरांनी मनातल्या मनात जिल्हा करून टाकला होता. उस्मानाबादच्या कचेरीत हेलपाटे घालून ज्यांच्या चपला झिजल्या त्यांना हा आनंद व्हावा हे बरोबरच आहे. आपण नावं ठेवू नयेत.

ताहेरने मात्र पाटी रंगवली नव्हती, कारण त्याच्या दुकानाला पाटीच नव्हती. गंजगोलाईच्या गोल बाजारामागच्या एका गल्लीत, बसवराज कापडवाल्याच्या जिन्याखाली जेवढी जागा उरते तेवढ्यात तो बसायचा. एक टेबल, एक स्टूल, काचेचं कपाट आणि डोळ्याला लावायचं भिंग. घड्याळं दुरुस्त करणारे लातुरात आणखीही होते. पण कॅमेऱ्यातलं मीटर, म्हणजे समोर उजेड किती आहे ते सुईने सांगणारं ते एवढंसं यंत्र, त्याला हात लावणारा माणूस लातुरात हा एकच आणि नांदेडात एकही नाही. नांदेडचे फोटोवाले एक तर कॅमेरा हैदराबादला पाठवून वाट बघत बसायचे, नाही तर एसटीत बसून ताहेरकडे यायचे.

हे काम त्याच्या वडिलांनी, अजीज घडीसाजांनी, तरुणपणी हैदराबादेत शिकून आणलं होतं. कामाबरोबर त्यांनी एक रीतही पाडली होती. मीटर दुरुस्त झालं की कॅमेरा घेऊन दुकानाच्या पायरीवर यायचं. समोर बसवराजच्या गोदामाची उंच भिंत, चुन्याने पांढरी केलेली. त्या भिंतीकडे डोळे बारीक करून बघायचं आणि आधी तोंडाने आकडा बोलायचा: आठ, अकरा, सोळा, त्या घडीच्या उजेडाला जो लागू असेल तो. उजेड जास्त तर आकडा मोठा, कमी तर लहान, इतकं साधं. पण बोलायचं मोठ्याने, गल्लीला ऐकू जाईल असं. मग कॅमेरा भिंतीकडे धरायचा आणि सुई बघायची. सुई त्याच आकड्यावर आली तर काम झालं. नाही आली तर सुई चुकली, ती ताळ्यावर आणायची. डोळा चुकला असेल ही शक्यता त्या रीतीत ठेवलेलीच नव्हती. जपानात बनलेल्या सुईला लातूरचं ऊन काय कळणार, असं अजीज घडीसाज म्हणायचे, आणि ते खोटं ठरवेल अशी सुई कित्येक वर्षं गल्लीत आली नाही. लोक मुद्दाम ती गंमत बघायला थांबायचे.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्या वर्षी घडीसाजांचे आकडे खाली यायला लागले. सोळाच्या जागी अकरा, अकराच्या जागी आठ. सुई वर आणि आकडा खाली. घडीसाज सुईला शिव्या द्यायचे, मग धुळीला द्यायचे. धूळ होतीही तशीच; खडी फोडून परतणारी माणसं आपल्याच घरात ओळखू यायची नाहीत. त्यामुळे सगळ्यांनी धुळीवर विश्वास ठेवला. एक दिवस ते भर रस्त्यात उभ्या हातगाड्यावर जाऊन आदळले, तेव्हा कुठे ताहेर त्यांना सोलापूरला घेऊन गेला. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने नजर खात येतो. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली सांभाळता येते, पण त्यासाठी वेळेवर यावं लागतं, आणि तुम्ही फार उशीर केलात, म्हणाले. जाता जाता त्यांनी ताहेरलाही बजावलं की हा रोग घराण्यात उतरतो, तर चाळिशी आली की डोळे दाखवून जात जा.

घडीसाज अंधारातच गेले. लातूर जिल्हा व्हायला निघालं तेव्हा ताहेरची चाळिशी केव्हाच उलटून गेली होती आणि त्याने डोळे दाखवले नव्हते. हंगाम आहे, लग्नसराई आहे, बायको माहेरी आहे, घरात आजारपण आहे, असं काही ना काही निघायचंच. रईसाने, म्हणजे त्याच्या बायकोने, सुरुवातीला एकदोनदा आठवण करून दिली, मग सोडून दिलं. आळशी म्हणावं तर हा माणूस केसाएवढी स्प्रिंग बसवायला दिवस घालवणारा. आळस नव्हता तो. सोलापूरला गेलं तर तिथला माणूस काहीतरी सांगेल, ही भीती होती. न जाण्यात निदान काही ऐकावं तर लागत नव्हतं.

जुलै सरता सरता केरबा सोनकांबळे नांदेडहून आला. दोघांची ओळख जुनी. केरबा विष्णुपुरीला धरणाच्या कामावर रोजंदारीने लागला होता, तिथल्या एका साहेबाचा कॅमेरा वागवता वागवता फोटो शिकला, आणि आता नांदेडात लग्नं, बारसं, भीमजयंतीची मिरवणूक असले फोटो काढून पोट भरत होता. यंदा त्याला नांदेडच्या एका दैनिकाने विचारलं होतं. पंधरा ऑगस्टला लातूर जिल्ह्याचा समारंभ, तिथले फोटो आणून दे. चांगला निघाला तर खाली तुझं नाव छापू. केरबाची आई कोंडाबाई हिला अक्षर येत नव्हतं. पण छापलेल्या नावावर तिचं बोट ठेवून हा मी, असं तिला सांगायचं, हे केरबाने तिथंच, त्या कचेरीच्या जिन्यात, ठरवून टाकलं होतं.

कॅमेरा जुना जपानी होता, हैदराबादच्या बाजारातून घेतलेला. भिंगाच्या भोवती मधाच्या पोळ्यासारखी खडबडीत काच, आणि तिच्यामागे सेलेनियमची चकती. उजेड पडला की त्या चकतीत जराशी वीज तयार होते आणि ती सुईला ढकलते. बॅटरीबिटरीची भानगड नाही. केरबाची तक्रार अशी होती की सुई मधूनच मरते, मधूनच उडी मारते, आणि समारंभात असं झालं तर आपलं नाक कापलं जाईल.

ताहेरने काचेवर तळहात ठेवला. सुई शून्यावर गेली. हात काढला, तर ती उठेना. त्याने बोटाने टिचकी मारली, तशी ती ताडकन वर आली.

"मेलेलं न्हाई," तो म्हणाला. "आत कुठंतरी जोड सुटून राहिला."

त्याने वरचं झाकण खोललं. खोलताना एक स्क्रू टेबलावर पडला आणि ताहेर तो शोधत बसला. टेबलावरचं हिरवं कापड हाताने चाचपलं, खाली वाकून पाहिलं, स्टुलाखाली पाहिलं. केरबाने बोट दाखवलं. स्क्रू त्याच्या डाव्या कोपराशीच पडला होता. ताहेर हसला आणि म्हणाला की समोरची वस्तूच माणसाला दिसत नाही. पण स्क्रू समोर नव्हता, कडेला होता. हे केरबाच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

आतला दोष लगेच सापडला. चकतीची तार जिथं जोडली होती तिथं हिरवा गंज चढला होता. वीज जावी तर गंज आडवा, टिचकी मारली की क्षणभर वाट मोकळी. ताहेरने स्पिरिट लावून ब्रशने गंज काढला, तारेचं टोक खरवडलं, नवीन सोल्डर मारला. मग मल्टिमीटर लावून चकती उन्हात धरली आणि वीज किती येते ते पाहिलं. भरपूर येत होती. तो खूश झाला, कारण असल्या जुन्या मीटरचं खरं मरण चकतीत असतं. वर्षं जातात तशी ती म्हातारी होते, वीज कमी देते, सुई खाली खाली राहते, आणि त्यावर इलाज नसतो. म्हातारं मीटर कमीच दाखवतं, जास्त कधीच दाखवत नाही, हे तो गिऱ्हाइकांना नेहमी समजावून सांगायचा. केरबालाही त्या दिवशी सांगितलं.

मग दोघे पायरीवर आले. दुपारची वेळ होती. आभाळात पांढरे, कोरडे ढग होते, त्यातून ऊन गाळून पडत होतं. असल्या उजेडाचा आकडा सांगणं हीच खरी परीक्षा. लख्ख उन्हाचा कुणीही सांगेल. ताहेरने डोळे बारीक केले.

"पाच-सहा," तो मोठ्याने म्हणाला. आठच्या खालचा हा आकडा, सावलीतल्या उजेडाचा.

सुई अकरावर होती.

त्याने कॅमेरा खाली केला, पुन्हा धरला. अकरा. काचेवर हात ठेवला, काढला. सुई निमूटपणे शून्यावर गेली आणि निमूटपणे अकरावर येऊन थांबली. तिच्या वागण्यात आता काही खोट नव्हती.  वडिलांच्या कामाच्या शेवटच्या वर्षी याच पायरीवर ताहेर त्यांच्या मागे उभा राहिला होता, आणि सुई नि बोललेला आकडा यांच्यातलं असलं अंतर त्याने तेव्हा रोज पाहिलं होतं.

केरबाने आपल्या परीने सुचवलं की टेबलाच्या खणात घडीसाजांचं हातातलं मीटर असायचं, त्याच्याशी ताडून बघू. ताहेरचा हात खणाच्या कडीपर्यंत गेला आणि तिथूनच मागे आला. ते अब्बाचं आहे, त्याला कशाला त्रास, असं काहीतरी तो पुटपुटला. आणि पुन्हा भिंग लावून कॅमेऱ्यात शिरला.

माणसाला कारण हवं असलं की ते सापडतंच. सुईच्या तारेपाशी त्याला जुन्या सोल्डरचा एक थेंब दिसला. इथं आधी कुणीतरी हात घातलाय. म्हणजे वीज अडवायला जो रेझिस्टर असतो तो त्या कुणीतरी काढून टाकला असणार. म्हणजे सुई मोकाट सुटली. म्हणून जास्त दाखवतेय. ताहेरला इतकं हलकं वाटलं की त्याने गल्लीतल्या पोराला हाक मारून दोन चहा सांगितले. चहा पिता पिता त्याने एक रेझिस्टर शोधून तारेत बसवला. पायरीवर येऊन पाहिलं. सुई पाच-सहावर.

केरबाने तरी एकदा म्हणून पाहिलं, "मला तर लई उजेड दिसून राहिला, भाई."

"ह्या गल्लीतला उजेड मी जल्मापासून बघून राहिलो," ताहेर म्हणाला. केरबाने कॅमेरा पिशवीत घातला. आणि का नाही घालणार? नांदेड ते लातूर एवढी धूळ खात माणूस ज्याच्या डोळ्यासाठी येतो, त्याच्या डोळ्यावर शंका कशी घ्यायची.

समारंभ थाटात झाला. रस्त्यावरची धूळ बसावी म्हणून टँकरने पाणी शिंपडलं होतं, आणि ज्यांच्या घागरी आदल्या दिवशी रिकाम्या परत गेल्या होत्या तेच लोक त्या ओल्या रस्त्यावर उभे राहून टाळ्या वाजवत होते. मला यातलं हसू आणि राग निवडून वेगळा करता येत नाही. बँड होता, भाषणं होती, पताका होत्या. केरबा गर्दीत वाकून, चढून, गुडघ्यावर बसून फोटो काढत होता आणि प्रत्येक वेळी सुई बघून, ती म्हणेल तेवढं भिंग उघडत होता. त्याचं मन सांगत होतं की ऊन कडक आहे, इतकं उघडायला नको. पण ताहेरने लावलेली सुई होती.

ताहेरही गेला होता. परतताना डाव्या बाजूने घागर घेऊन येणाऱ्या एका बाईवर तो आदळला, तिचं पाणी सांडलं. ती अशी पेटली की आजूबाजूचे वळून पाहायला लागले. "डोळे फुटले का रे मुडद्या," असं ती म्हणाली. त्या वर्षी सांडलेल्या पाण्याला ही शिवी काही जास्त नव्हती. कुणालाही देतात ती, घटकाभरात विसरतात. ताहेर तिथंच भर उन्हात उभा राहिला, ती गेल्यावरही. घरी गेल्यावर त्याने गर्दी फार होती एवढंच सांगितलं.

आठवड्याने केरबा परत आला तेव्हा दुकान उघडून फार वेळ झाला नव्हता. त्याने पिशवीतून निगेटिव्ह काढली आणि ताहेरच्या हातात दिली. ताहेरने ती उजेडाला धरली. काळी. दुसरी धरली, तीही काळी. निगेटिव्ह जितकी काळी तितका तिच्यात उजेड जास्त घुसलेला. हे त्याला कुणी सांगायला नको होतं. छापून पाहिलं तर व्यासपीठावरच्या एकाही माणसाला नाक-डोळे नाहीत, पिठात तोंड बुडवून बसल्यासारखे सगळे, असं केरबा म्हणाला. दैनिकाने दुसऱ्याच कुणाचा तरी फोटो लावला. कोंडाबाईला त्याने अंक दाखवलाच नाही. नांदेडला मित्राच्या कॅमेऱ्याशी मीटर ताडून पाहिलं होतं. ताहेरने लावून दिलेली सुई दोन आकडे खाली चालत होती.

हे सगळं त्याने आवाज न चढवता सांगितलं. भांडला असता तर ताहेरला सोपं गेलं असतं. भांडणाला उत्तर देता येतं. ताहेरने झाकण खोललं, बसवलेला रेझिस्टर काढून टाकला, तार पहिल्यासारखी जोडली, आणि दोघे पायरीवर आले. आज आभाळात एकही ढग नव्हता. भिंतीवर सरळ ऊन पडलं होतं.

"बोल आकडा," केरबा म्हणाला.

ताहेर बराच वेळ बघत राहिला. सोळा म्हणून मोकळं व्हावं, असं त्याच्या मनात आलं. लख्ख ऊन आहे, पाठीवर जाणवतंय, सोळाच असणार. पण रीत म्हणजे रीत. जे दिसतं ते बोलायचं.

"आठ," तो म्हणाला.

सुई सोळाच्याही पुढे होती. केरबाने न विचारता खण उघडला, घडीसाजांचं मीटर काढलं आणि भिंतीकडे धरलं. तेही सोळाच्या पुढेच. दोन सुया एकीकडे आणि ताहेर एकीकडे.

"भाई, भिंत कशी दिसून राहिली तुला?"

"मळकी," ताहेर म्हणाला. "यंदा बसवराजनं चुना मारला न्हाई. पाणी कुठून आणावं त्यानं?"

केरबा गल्ली ओलांडून गेला, भिंतीवर आपला तळहात दाबून घासला आणि परत येऊन तो ताहेरच्या तोंडासमोर धरला. काळ्यासावळ्या हातावर चुना थापल्यासारखा बसला होता. इतक्या जवळचं ताहेरला स्वच्छ दिसत होतं. वर गादीवर बसलेल्या बसवराजने हे बघून विचारलं की काय चाललंय, आणि मग आपणहून सांगितलं की मागच्या महिन्यात एका शुक्रवारी भिंतीला दोन हात चुना दिला, समारंभाची माणसं याच गल्लीतून जाणार होती ना, टँकरवाल्याला गाठून पाणी घेतलं. शुक्रवारी ताहेर दुकान बंद ठेवतो म्हणून त्याने पाहिलं नसेल. तेव्हापासून दुपारी समोर बघवत नाही, डोळे दिपतात, अशी त्याची उलट तक्रार होती.

ताहेर खाली पायरीवरच बसला. बसवराज पुन्हा आपल्या गिऱ्हाइकाकडे वळला. केरबा ताहेरच्या शेजारी टेकला, हातावरचा चुना पँटला पुसत.

"मीटर बरोबर हाय, ताहेरभाई," तो म्हणाला. "तू डोळे दाखव. मी संगं येतो, आपण सोलापूरला जाऊ."

ताहेरने मान हलवली. तुझ्या मीटरला नुसता गंज होता, बाकी ते पहिल्यापासून चांगलं होतं, एवढं त्याने केरबाला सांगितलं, आणि त्याच्या आईला अंक दाखवता आला नाही याचं आपल्याला फार वाईट वाटतंय, हेही सांगितलं. मग म्हणाला की जातो, दाखवतो, पण जरा दम धर. घरी इतक्यात काही कळता कामा नये. अम्मीने एक माणूस असा विझताना पाहिलाय, आता मुलाचं ऐकवलं तर ती जागची उठणार नाही. रईसाही हाय खाईल. सणवार होऊ देत, थोडं पाणीबिणी पडू दे, मग बघू. केरबा म्हणाला की अशा गोष्टीला दम धरू नये. पण शेवटी घर ज्याचं त्याचं. तो दुपारच्या गाडीने नांदेडला परत गेला.

ताहेर जेवायला घरी गेला. वाटेत त्याने चेहरा नीट केला, निदान तसा प्रयत्न केला. अंगणात रईसा चुलीपाशी भाकरी थापत होती. अम्मी, म्हणजे कमरुन्निसा, नेहमीप्रमाणे त्याचं ताट मांडून बसली होती. काम कसं चाललंय असं तिने विचारलं, बरं चाललंय असं तो म्हणाला, आणि बसला. तिने ताटात भाकरी वाढली, कालवण वाढलं. मग पाण्याचा ग्लास आणला, त्याची कड ताटाला हलकेच लागू दिली, टण् आवाज झाला, आणि ग्लास ताटाला टेकवून ठेवत ती म्हणाली,

"पानी सीदे हात कू हाय, बेटा."

ताहेरचा घास हातातच राहिला. पाणी उजव्या हाताला आहे. हे वाक्य या घरात त्याने किती वर्षं ऐकलं होतं, पण ते त्याच्यासाठी नसायचं. अब्बा ताटावर बसले की अम्मी त्यांना ते सांगायची, आणि त्यांना जागा कळावी म्हणून ग्लासाचा आवाज करायची. अब्बा गेल्यावर ते बंद व्हायला हवं होतं. मग परवा जेवताना अम्मी काय म्हणाली होती? त्याच्या आदल्या दिवशी? ईदला, सगळे बसलेले असताना? टण् आवाज झाला होता का? झाला होता. रोज झाला होता. इतक्या सवयीचा की त्याने कानच दिला नव्हता. आणि रात्री वाटेतलं स्टूल कुणी भिंतीला लावून ठेवायचं, उंबऱ्याशी चपला कुणी राहू द्यायचं नाही, हेही आता त्याला एकामागून एक आठवायला लागलं.

"अम्मी," तो म्हणाला, "कब से?"

 कमरुन्निसाने पदर तोंडाला लावला. उत्तर चुलीकडून आलं. रईसाने थापती भाकरी तशीच परातीत सोडली होती.

"पिछली बकरीद से."

मागच्या बकरीदपासून. आता पुढची बकरीद तोंडावर आली होती. तो घाबरू नये, त्याचा हात कामावरून उठू नये, म्हणून या दोघींनी मिळून वर्षभर घरातल्या वस्तू त्याच्या वाटेतून उचलल्या होत्या आणि एकमेकींनाही फार काही बोलून दाखवलं नव्हतं. अब्बांनाही असंच सांभाळलं होतं. हातगाड्यावर आदळेपर्यंत. ताहेरला राग यायला हवा होता आणि तो येईना. त्याला फक्त सोलापूरच्या त्या डॉक्टरांचा आवाज ऐकू येत होता, आणि या वेळी त्यांच्यासमोर बसलेला माणूस अब्बा नव्हते.

त्याने घास ताटात ठेवला. औशावरून सोलापूरला जाणारी गाडी किती वाजता आहे, असं त्याने रईसाला विचारलं. तिला ते ठाऊक होतं. तिने कधीच चौकशी करून ठेवली होती. ती हात धुऊन त्याची पिशवी भरायला उठली. कमरुन्निसा तिथंच बसून राहिली. उठताना त्याचा धक्का लागून पाणी सांडू नये म्हणून तिने ग्लास धरून ठेवला होता.